वरच्या नळीचा चोक

आमच्या घरात मांस शिजत नव्हतं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तरीही माजघरातल्या खुंटीवर कातड्याच्या म्यानात बंदूक टांगलेली होती. पेडगावात येणारा कुणीही पाहुणा आधी बंदुकीकडे बघायचा, मग आमच्या गळ्याकडे, आणि मग आप्पांना काहीतरी विचारायच्या बेतात येऊन गप्प बसायचा. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे आई-वडील मी कळता व्हायच्या आधीच गेले, तेव्हापासून मी आप्पांच्या आणि मोठ्या आईच्या घरात वाढलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही तिघं, आणि शेतावरचा गडी मारुती, असं ते घर होतं. घर मोठं, माणसं थोडी आणि बोलणं त्याहून थोडं.

आप्पांनी त्या बंदुकीनं आयुष्यात एकही जीव मारला नाही. तरुणपणी कुठल्याशा कामासाठी ते हैदराबादला गेले होते. तिथं त्यांनी मातीच्या टिकल्या हवेत उडवून बंदुकीनं फोडण्याचा खेळ पाहिला, आणि तो त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ही बंदूक घेतली. आमच्या भागात पाटला-देशमुखांकडे बंदुका होत्या, पण त्यांच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असायच्या. आप्पांच्या बंदुकीच्या नळ्या एकावर एक होत्या. लोक म्हणायचे, "पाटील, शेजारी जागा नव्हती व्हय, दुसरी नळी माळवदावर चढवली ती?" आप्पा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "नेम धरताना डोळ्याम्होरं एकच नळी दिसती. मन दोन ठिकाणी जात न्हाई."

टिकल्या गावचा कुंभार करायचा. पातळ, अर्धवट भाजलेल्या, तळहातापेक्षा जरा मोठ्या. त्या द्यायला आला की दर खेपेला तेच म्हणायचा, "माझी भांडी फुटू नयेत म्हणून मी देवाला नवस बोलतो, अन् हे पाटील फुटावीत म्हणून बोलतेत." मळ्याच्या कडेला एक खड्डा खणला होता. त्यात मारुती बसायचा आणि मोटारीच्या जुन्या कमानीपासून केलेल्या फेकणीनं टिकल्या उडवायचा. कधी एक, कधी दोन एकदम. आप्पा "सोड!" म्हणाले की फेकणीचा खाड आवाज, मग बार, मग ज्वारीच्या पानांवर मातीचे तुकडे पडल्याची सळसळ. माझ्या लहानपणीचे आवाज म्हणून मला हेच तीन आठवतात. दुसऱ्या पोरांच्या आठवणीत भांडणं असतात, खेळ असतात. आमच्या मळ्याच्या आसपास माझ्या वयाचं कुणीच नव्हतं.

घरी परतलो की मोठी आई मला परसात थांबवायची, अंगावर पाणी ओतून घ्यायला लावायची आणि मगच भाकरी वाढायची. मी म्हणायचो, "मोठे आई, आमी काय मारलं? मातीच तर फोडली." ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "जीव न्हाई मारला तरी आवाज मारल्याचाच हाय ना?" मग गरम भाकरी, अंबाड्याची भाजी, वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार आणि ठेचा. आप्पा खाली मान घालून जेवायचे. ताक मागण्यापलीकडे बोलायचे नाहीत. मात्र बंदुकीबद्दल विचारलं की त्यांचं तोंड उघडायचं, म्हणून मी बंदुकीबद्दल विचारायला शिकलो. खरं सांगायचं तर मला बंदूक नको होती, आप्पांचं बोलणं हवं होतं. हे मला आज या वयात लिहिताना कळतंय.

ती बंदूक तऱ्हेवाईक होती. तिला दोन नळ्यांना मिळून एकच चाप होता. पहिला बार खालच्या नळीतून निघायचा, त्याचा धक्का खांद्याला बसायचा, आणि त्या धक्क्यानंच आतला एक लोखंडी तुकडा सरकून वरची नळी तयार व्हायची. म्हणजे पहिला बार फुसका निघाला, किंवा दस्ता खांद्याला सैल धरला, की दुसऱ्या वेळी चाप मेल्यासारखा पडायचा. कितीही ओढा, काही नाही. थंडीत तेल घट्ट झालं तरी तेच. नळ्या उघडल्या की रिकामी काडतुसं ती आपण होऊन बाहेर फेकायची, पण वरचं नेहमी खालच्यापेक्षा क्षणभर उशिरा उडायचं, आणि बेसावध माणसाच्या कपाळाला लागायचं. मारुती म्हणायचा, "पाटलाची बंदूक म्हंजी पाटलीणबाईच. उशिरा बोलती, पण बरोबर लागती."

आणि तिचे चोक. बंदुकीची नळी सगळीकडे सारख्या व्यासाची नसते. तोंडाशी शेवटची तीन-चार बोटं ती किंचित आवळत जाते. तेवढ्या आवळण्यानं छर्रे एकत्र राहतात, लांबवर जातात. नळी मोकळी असेल तर ते लगेच पसरतात, जवळचं सहज लागतं, लांबचं सुटतं. खालच्या नळीचं तोंड पोस्टकार्डाच्या एका जाडीएवढं आवळलेलं होतं, वरच्या नळीचं चार कार्डांएवढं. पहिली टिकली जवळ असते तेव्हा खालची, दुसरी लांब गेलेली असते तेव्हा वरची. सगळा खेळ त्या तीन कार्डांच्या फरकात होता.

हे कार्डांचं माप मला उस्तादांनी शिकवलं. त्यांचं नाव मकबूल, पण सगळा परभणी परिसर त्यांना नुसतं उस्ताद म्हणायचा. परभणीत त्यांचं दुकान होतं. घासलेटाचा वास, एक मोठा शेगडा, भिंतीला टांगलेल्या आजूबाजूच्या सगळ्या बड्या लोकांच्या बंदुका. त्यांनी स्वतः घडवलेली पितळेची एक पायऱ्यापायऱ्यांची कांडी होती. ती नळीच्या तोंडात घातली की कुठल्या पायरीवर अडते त्यावरून चोक कळायचा. मग दुकानामागं चुना लावलेला पत्रा उभा करून, त्यावर कोळशानं परातीपेक्षा मोठं वर्तुळ काढून, चाळीस पावलांवरून बार टाकायचे. छर्ऱ्यांचे डाग कसे पडले ते बघायचे, पुन्हा चुना फासायचे. वर्षातून दोनदा मी बैलांच्या दमणीत बसून बंदूक त्यांच्याकडे न्यायचो आणि दिवसभर तिथंच थांबायचो. माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलणारा तो एकच माणूस होता. त्यांच्या घरचं मी खाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते आधीच समोरच्या वाण्याकडून फुटाण्यांची पुडी आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "ले मियां, वाण्याच्या दुकानचं हाय. मेरे हात भी नै लगाया. तेरी मोठी आई को बोल, धरम सलामत है."

मी सोळा-सतरा वर्षांचा झालो तेव्हा आप्पांनी बंदूक माझ्या हातात दिली. त्यांच्या एका डोळ्यावर तेव्हा पडदा येऊ लागला होता. दरवर्षी हिवाळ्यात परभणीजवळ एका जहागीरदारांच्या बागेत टिकल्यांची शर्यत व्हायची. आप्पा एकदा म्हणाले, "औंदा बघू. तुझा हात बसला तर तूच उभा ऱ्हा." बास, एवढंच. पण त्या रात्री मला झोप आली नाही. आप्पा मला चारचौघांत आपला म्हणून उभा करणार होते.

माझा हात बसेना. पहिली टिकली मी फोडायचो, दुसरी अख्खी जायची. कधी दस्ता सैल राहून चाप मरायचा, पण बहुतेक वेळा नुसताच नेम चुकायचा. मी ठरवून टाकलं की दोष वरच्या नळीचा आहे, तिचा चोक माझ्यासाठी फार घट्ट आहे. मी उस्तादांना म्हणालो, "थोडा खोला. दोन कार्डं काढा." त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं, चार-सहा बार टाकायला लावले, आणि माझ्या नळीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नळी का कसूर नै है. तू पैली फुटली का न्हाई ते बघत ऱ्हातोस. उतने में दुसरी चली जाती. बघू नको. फुटली तो फुटली, नै तो नै." मी हट्ट धरला. ते म्हणाले, "लोहा एक बार गया सो गया, शिवा. निकालने को मैं बैठा हूं, डालने को कोई नै बैठा. सहा महिने थांब."

मला सहा महिने नव्हते. शर्यत महिन्यावर आली होती.

उस्तादांनी साफ करून दिलेली बंदूक मी घरी आणली, आणि पुढच्याच आठवड्यात आप्पा एका लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी गेले. मी परभणीहून येताना रेगमाल आणला होता, लोखंड घासायचा तो खरखरीत काळा कागद. बांबूची काडी एका टोकाला चिरून त्यात तो गुंडाळला, आणि दुपारी मोठी आई पडली की कडब्याच्या खोलीत बसून वरच्या नळीच्या तोंडात फिरवू लागलो. तो आवाज उंदरानं कणगी कुरतडावी तसा होता. बोटांना राखाडी पूड लागायची, ती मी धोतराला आतून पुसायचो. उस्तादांची कांडी माझ्याकडे नव्हती. मी पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापून, त्या गुंडाळून अंदाज घेत होतो. दोन दिवसांनी मारुतीला घेऊन मळ्यात गेलो. दोन्ही टिकल्या फुटल्या. पुन्हा दोन्ही. मारुतीनं खड्ड्यातून डोकं वर काढून विचारलं, "आरं, आज सकाळी कुणाचं त्वांड बघितलं तू?" मला इतका आनंद झाला की मी परत जाऊन आणखी एक दुपार घासलं. त्या आनंदात मी पत्र्यावर बार टाकून बघितला नाही. मारुतीनं टिकल्या जवळच पडतील अशा सोडल्या होत्या हेही माझ्या लक्षात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आप्पांनी फेटा बांधला आणि म्हणाले, "या वर्षी मीच उभा ऱ्हातो. डोळा हाय तवर एकदा." मी दमणी जुंपायला गेलो. बोलायची जागा तीच होती. बागेत शामियाना होता, चहा होता, उंची शेरवान्या घातलेली माणसं होती. उस्ताद आपली हत्यारांची पेटी घेऊन एका आंब्याखाली बसले होते. सगळ्यांच्या बंदुका त्यांच्याच हातून गेलेल्या, म्हणून त्यांना दरवर्षी बोलावणं असायचं. आप्पा उभे राहिले. पहिली टिकली फुटली, दुसरी बाभळीच्या पलीकडे अख्खी जाऊन उतरली. पुन्हा पहिली फुटली, दुसरी गेली. सहा वेळा तसंच. एक डोळा अधू असलेला तो माणूस खांद्याला दस्ता इतका घट्ट दाबत होता की त्याची मान थरथरत होती. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "पाटील, टिकल्यांनासुद्धा अभय दिलं काय?"

आप्पांनी बंदूक खाली घेतली आणि पत्रा मागवला. खालच्या नळीचा बार त्यांनी हवेत सोडला आणि चुना लावलेल्या पत्र्यावर वरच्या नळीचा टाकला. मधोमध टोपलीएवढी पांढरी जागा रिकामी, आणि छर्रे सगळे कडेनं, डावीकडे ओढलेले. उस्ताद उठून आले. त्यांनी नळीच्या तोंडात अंगठा फिरवला, मग कांडी घातली. ती कुठंच न अडता आत गेली. त्यांचा चेहरा मी आजही बघू शकतो. आपल्या पोराला कुणीतरी मारलेलं बघावं तसा तो झाला होता.

"पाटीलसाब," ते म्हणाले, "ये मेरे हात का काम नै. मेरा हात गोल जाता. ये कोई एक बाजू से घिसा."

"बंदूक तुमच्याकडंच आली होती, उस्ताद," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या घरी कोण घासणार?" मग ते माझ्याकडे वळले. "शिवा, तू संगं व्हतास. उस्तादांनी नळीत काय केलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आप्पांनी मला चारचौघांत काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"रेगमाल फिरवला," मी म्हणालो.

दोन शब्द. त्यानंतर मी आयुष्यात हजारो शब्द बोललो, शाळामास्तर झालो, पोरांना खरं बोलायला शिकवत पगार घेतला. त्या दोन शब्दांवर दुसरे काही बसत नाहीत.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "हौ?" इतकंच म्हणाले. मला वाटलं आता ते बोलतील, बोटं दाखव म्हणतील, काहीही. त्यांनी कांडी पुसली, पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि बागेतून चालत निघून गेले. आप्पा दमणीत बसल्यावर म्हणाले, "तू नसतास तर मला कळलंच नसतं." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्या हाताची मी इतकी वर्षं वाट बघितली होती तो असा आला.

उस्तादांच्या भिंतीवरच्या बंदुका एकेक करून उतरल्या. आणि ते दिवस साधे नव्हते. निजामीची शेवटची वर्षं होती, गावागावांत माणसं एकमेकांकडे तिरकं बघू लागली होती. मी म्हणालो होतो रेगमाल फिरवला. लोकांनी त्याला "मुद्दाम" हा शब्द जोडला. कुणी जोडला माहीत नाही, पण तो बाजारातून फिरून आमच्या ओसरीवर आला तेव्हा आप्पांनी तो खोडला नाही, आणि मीही खोडला नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा मी एकटाच त्यांच्या दुकानी गेलो. ते छत्रीची काडी बसवत होते. आता ते छत्र्या, कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. मला बघून त्यांनी काही न बोलता समोरच्या वाण्याकडे खूण केली आणि फुटाण्यांची पुडी मागवली. ती हातात घेतल्यावर मी रडायला लागलो. म्हणालो, "उस्ताद, मी घासली."

"मेरे को क्या बोलता?" ते म्हणाले. "मेरे को तो मालूम है. जिनको नै मालूम उनको बोल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला घरी जाऊन बोलणं सोपं गेलं असतं. संध्याकाळी मी घरी पोचलो. आप्पा जेवायला बसले होते. मी त्यांच्या शेजारी पाट मांडला. मोठ्या आईनं येसराची आमटी वाढली होती, तिचा वास घरभर होता. मी मनात वाक्य जुळवत होतो. आप्पांनी ताक मागितलं. मी तांब्या पुढे केला. ते ताक प्याले, आचवले, आणि झोपायला गेले. पुढे निजामी गेली, बंदूक सरकारात जमा झाली ती परत आली नाही. उस्तादांचं दुकान बंद दिसलं, ते कुठं गेले कुणाला सांगता येईना. आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. प्रत्येक दिवशी संध्याकाळ होती, प्रत्येक संध्याकाळी आम्ही शेजारी जेवलो.

गेल्या उन्हाळ्यात मी पेडगावला गेलो होतो. आप्पा नाहीत, मोठी आई नाही. जुन्यांपैकी मारुती तेवढा आहे. दात गेलेत, पण आवाज खणखणीत. त्याच्या अंगणात बाजेवर बसलो असताना तोच म्हणाला, "तुमच्या आप्पांची बंदूक त्या उस्तादानं नासवली, न्हाईतर म्हाताऱ्यानं त्या साली बाजी मारली असती बघा, शिवाप्पा." इतक्या वर्षांनी उस्तादांचं नाव कुणाच्या तरी तोंडून आलं होतं, आणि अंगणात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "उस्तादानं न्हाई, मारुती. मी नासवली. कडब्याच्या खोलीत बसून. अन् आप्पांना खोटं सांगितलं."

मला वाटलं तो हसेल, जुनी गोष्ट म्हणून सोडून देईल. मनातून मला तेच हवं होतं बहुतेक. मारुतीनं मळ्याच्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो आला व्हता."

"कोण?"

"उस्ताद. शर्यतीनंतरच्या चैतात. परभणीवरून पायी. मी मळ्याच्या वाटंवर व्हतो. मला म्हणला, पाटलाला भेटायचंय, एकच गोष्ट बोलायची हाय. मी वाट आडवली. म्हणलं, आमच्या पाटलाला चारचौघांत खाली बघायला लावलं, आता कंच्या तोंडानं आला? हाकलला त्याला." मारुतीनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "ऊन मरणाचं व्हतं. जाताना त्यानं पाणी मागितलं. मोट चालू व्हती मागं. मी म्हणलं, तुझ्यासाठी न्हाई."

मी त्या चैत्रात घरातच होतो. मळ्यापासून हाकेवर. पावसाळ्यात त्यांच्या दुकानी गेलो, रडलो, फुटाणे खाल्ले, तेव्हा हे घडून गेलेलं होतं, आणि त्यांनी मला ते सांगितलं नाही.

"त्याच्या आधी म्या कुणाला पाण्याला न्हाई म्हणलो नव्हतो," मारुती म्हणाला. "अन् नंतर बी न्हाई. मी समजत व्हतो, पाटलाची बाजू राखली. तुमी मला तर सांगायचं. तुमी टिकल्या फोडल्या त्या माझ्या हातच्या. मी काय कुणी परका व्हतो?"

त्याच्या सुनेनं चहा आणला. त्यानं माझा कप माझ्याकडे सरकवला, स्वतःचा उचलला नाही. मी म्हणालो, "मारुती, चूक माझी हाय. तुझी न्हाई."

"तुमची तुमच्याकडं," तो म्हणाला. "माझी मला भोगू द्या." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला शिवाप्पा न म्हणता, परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाला, "तुमी जावा आता, मास्तर. ऊन वाढायच्या आत निघा."

मी उठलो. वेशीपर्यंत पोचवायला दरवेळी येणारा तो माणूस बाजेवरच बसून राहिला.